मिक्सरला संत्रं मानवत नाही

कळमेश्वरात राहून हे लिहायला थोडं धाडस लागतं, तरी लिहिते: संत्रं मिक्सरमध्ये घालू नका. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर हा नागपूर जिल्ह्यातला संत्र्याचा पट्टा. दिवाळीच्या आगेमागे इथे ज्याची बाग नाही त्याच्या घरीही पिशवीभर संत्री येतात. कुणी नातलग देतो, कुणी जुना विद्यार्थी दारात ठेवून जातो. त्यात हल्ली घरोघरी स्मूदीचं खूळ आलंय, म्हटल्यावर पहिला हात संत्र्याकडेच जाणार. सोललं, फोडी टाकल्या, वरून दूध ओतलं, बटण फिरवलं. मग मला फोन येतो, ‘मॅडम, हे तं कडू झालं वो! आन दूधही फाटल्यावानी दिसून राह्यलं. काऊन असं?’

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवत होते. निवृत्त झाल्यावर फळा सुटला, पण ‘काऊन असं’ विचारणारे सुटले नाहीत.

दुधाचं उत्तर सोपं आहे. दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं. आम्लता वाढून सामू ४.६ च्या आसपास आला की ते एकत्र येऊन गोळा होतं. संत्र्याचा रस याहून आंबट असतो. पनीर करताना आपण दुधात लिंबू पिळतो, तीच ही क्रिया, फक्त इथे नको असताना झालेली. दह्यात मात्र हे गोळा होणं आधीच होऊन गेलेलं असतं, म्हणून आंबट फळाशी दही निमूट नांदतं. एवढं एक लक्षात ठेवलं तरी निम्म्या स्मूद्या वाचतील.

कडूपणाचं उत्तर जास्त मजेचं आहे. संत्र्याच्या फोडीवरचं पातळ कवच, तिला चिकटलेले पांढरे धागे आणि बिया यांच्यात एक द्रव्य असतं, जे मुळात बेचव असतं. फळ अख्खं आहे तोवर ते आपल्या पेशीत गप्प बसून राहतं. पात्याने पेशी फाटल्या की ते आंबट रसात मिसळतं आणि आम्लाच्या संगतीने त्याचं हळूहळू लिमोनिन होतं. लिमोनिन अस्सल कडू. बियांमध्ये तर ते तयारच असतं, त्यामुळे बी भरडली गेली की पहिल्याच घोटाला कळतं. बी काढून टाकली तरी कवच आणि धागे आपलं काम करतातच. ताजी असताना गोड लागलेली स्मूदी दुपारी फ्रिजमधून काढावी तर तोंड वाकडं होतं. उकळलं तर ही क्रिया आणखी लवकर होते. फळ झाडावर पुरतं पिकलं असेल तर हे द्रव्य कमी झालेलं असतं, म्हणून हंगामाच्या सुरुवातीची, नुसता रंग चढलेली फळं जास्त दगा देतात.

आता हे केवळ माझ्या ओट्यावरचं दुखणं नाही. आमच्या संत्र्याचा अर्धा प्रश्न या लिमोनिनपाशी येऊन अडतो. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सुटं साल, आंबटगोड चव, भरपूर रस. हाताने सोलून खायला याच्यासारखं फळ नाही. पण बिया पुष्कळ, आणि रस ठेवला की कडवटतो. कारखान्यात तो कडूपणा काढायला रस खास राळेच्या थरांतून गाळावा लागतो, म्हणजे वेगळी यंत्रणा आणि वेगळा खर्च. नागपूरच्या संत्रा उत्पादकांनी सुरू केलेला आणि १९७२ मध्ये महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाकडे आलेला ‘नोगा’ हा ब्रँड आमच्या पिढीला स्क्वॅश, जाम आणि टोमॅटो केचपसाठी माहीत आहे. शुद्ध संत्र्याचा रस डबाबंद करून जगभर पाठवणं मात्र ब्राझीलला जमलं, कारण तिथली रसाची संत्री वेगळ्या जातीची. अमरावती रोडवरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था १९८५ पासून या फळावर काम करते आहे. कमी बियांच्या, बिनबियांच्या झाडांचा शोध हा तिच्या कामाचा मोठा भाग.

तोवर आमचं फळ ताजंच विकलं जाणार. ताज्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश होतं. त्यांनी २०१९ पासून आयातशुल्क वाढवत नेलं. किलोला वीस रुपयांच्या घरात होतं ते २०२३ मध्ये ८८ रुपयांवर गेलं. इकडे नागपूरच्या कळमना बाजारात भाव पडले. फळगळीच्या वर्षी तर झाडाखाली खच पडतो. आमची मोहपा रोडला थोडी बाग आहे, म्हणून सांगते: गळीच्या फळाची स्मूदी करून प्रश्न सुटला असता तर एव्हाना सगळा तालुका स्मूदीवर जगला असता.

म्हणून माझा पहिला सल्ला स्मूदीच्या विरुद्ध जाणारा आहे. जे फळ चावून खाता येतं, ते चावून खावं. याला जुना आणि फार सुंदर प्रयोग आहे. १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी दहा निरोगी माणसांना सफरचंद तीन रूपांत दिलं: अख्खं, कुस्करून केलेला गर आणि गाळलेला रस. कर्बोदकं तिन्हींत सारखीच, ६० ग्रॅम. रस अख्ख्या फळाच्या अकरा पट वेगाने संपवता आला आणि गराच्या चौपट वेगाने. पोट भरल्याचं समाधान अख्ख्या फळाने सर्वांत जास्त, गराने त्याहून कमी, रसाने सर्वांत कमी. स्मूदी म्हणजे यातला मधला गर. रसापेक्षा नक्कीच बरी, कारण चोथा आत राहतो. पण चार फळं पाच मिनिटांत पोटात गेल्याचं पोटाला नीट कळत नाही.

मग करायचीच कशाला? तर काही लोकांना ती खरोखर लागते म्हणून.

आमच्या सासूबाईंचे वरचे दात गेले, कवळी त्यांना सोसत नाही. पेरू आवडता, पण चावता येत नाही. पहिल्या दिवशी मी पेला पुढे केला तेव्हा म्हणाल्या, ‘दात नाही म्हनून का आता लेकरावानी पाजतेस?’ आता संध्याकाळी स्वतःच विचारतात. इथल्या एमआयडीसीत सकाळच्या पाळीला जाणारी पोरं उपाशीपोटी निघतात आणि पहिल्या सुटीत समोसा-तर्री खातात. समोसा-तर्रीशी माझं वैर नाही, नागपूर जिल्ह्यात ते परवडणारही नाही. पण रोज? नागपूरला कॉलेजला जाणाऱ्या मुली गाडी पकडायच्या घाईत चहा-बिस्किटावर निघतात आणि मग डॉक्टर हिमोग्लोबिनचा आकडा दाखवतात. या सगळ्यांसाठी पेलाभर घट्ट, पोटाला आधार देणारं काही पाच मिनिटांत तयार झालं तर हवंच आहे. तेव्हा स्मूदी ही न्याहारी म्हणून करा. जेवणानंतरचं गोड म्हणून किंवा तहान लागली म्हणून करू नका. तहानेला पाणी आहे, ताक आहे, मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की कैरीचं पन्हं आहे.

न्याहारी म्हटलं की तिच्यात प्रथिनं हवीत, थोडं तेल हवं, चोथा हवा. नुसत्या फळात पहिली दोन जवळजवळ नसतात. म्हणून माझ्या पेल्यात फळ निम्म्याहून जास्त नसतं. एका माणसाला दीडशे ग्रॅमपर्यंत फळ, वाटीभर घरचं दही, एक मोठा चमचा कसली तरी तेलबी आणि भूक जास्त असेल तर दोन चमचे सातूचं पीठ. साखर नाही. गूळ नाही, मधही नाही. ‘मध तर पौष्टिक’ असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते की जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेत मध साखरेच्याच रांगेत उभा आहे, आणि गाळलेला फळांचा रसही. रोजच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी, जमल्यास पाच टक्क्यांपेक्षा कमी अशी ती मर्यादा. पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा चहाचे चमचे. गोडवा हवा असेल तर ठिपके पडलेलं पिकलं केळं अर्धं घालावं, नाहीतर दोन खजूर भिजवून.

तेलबीबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण इथे आपण उगाच दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो. माझी पुण्याची भाची येते ती चियाच्या बियांचं पाकीट घेऊन. किंमत ऐकून मी पाकीट तिच्याच पिशवीत परत ठेवते. अगं, तू जवसाच्या मुलखात आलीस! विदर्भात जवस पिढ्यान्‌पिढ्या पेरलं जातं, नागपूरच्या कृषी महाविद्यालयात त्याच्यावर संशोधन चालतं, आणि जवसाची चटणी नाही असं घर आमच्याकडे शोधावं लागेल. चियाचं कौतुक ज्या ओमेगा-३ साठी होतं, ते जवसात तितकंच भरलेलं आहे. दहा ग्रॅम जवसात दोन ग्रॅमच्या वर. अट एकच: जवस कुटलं पाहिजे. अख्खा दाणा गुळगुळीत आणि टणक, तो आतड्यातून जसाच्या तसा निघून जातो. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, गार होऊ द्या, चटणीच्या भांड्यात फिरवा. भाजल्याने चवही येते आणि कच्च्या जवसात अल्प प्रमाणात असणारी नको ती द्रव्यंही कमी होतात. कुटलेलं जवस हवेने खवट होतं, म्हणून आठवड्यापुरतंच करावं आणि झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवावं. पेल्याला एक चमचा पुरे. जास्त घातलं तर स्मूदी बुळबुळीत होते आणि घरचे परत विचारत नाहीत.

जवस नसेल तर भाजलेले शेंगदाणे, तीळ. उन्हाळ्यात सब्जा, पण तो भिजवून वरून घालायचा, मिक्सरमध्ये नाही. कळमेश्वरच्या किराणा दुकानात यातलं सगळं मिळतं. ब्लूबेरीचं नाव काढलं तर मात्र दुकानदार ‘ते नागपूरले भेटंन’ म्हणून मोकळा होतो.

आणि आपल्या मिक्सरला कमी लेखू नका. परदेशी ब्लेंडर मऊ फळं आणि दूध यांच्यासाठी जन्मला. आपला मिक्सर वाटणासाठी जन्मला. मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे अभियंते होते. पत्नीचं परदेशी यंत्र भारतीय वाटणापुढे टिकेना, म्हणून त्यांनी स्वतःच घडवायचं ठरवलं आणि १९६३ मध्ये ‘सुमीत’ बाजारात आला. डाळ-खोबरं-हळद वाटणाऱ्या त्या मोटारीच्या वंशातला आपला मिक्सर असल्यामुळे त्याला जवस आणि शेंगदाणे जड जात नाहीत. फक्त क्रम पाळावा: आधी कोरडी तेलबी, मग फळ, शेवटी दही. दही आधी घालून खूप वेळ फिरवलं तर लोणी सुटायला लागतं आणि भांड्यात वेगळाच सोहळा सुरू होतो. थांबून थांबून फिरवा, एकसारखं नको. मोटार तापते तसा पेलाही कोमट होतो.

आता माझ्या घरची फळं सांगते. सगळी नाही, जी मला पटली तीच.

पेरू सगळ्यांत वर. क जीवनसत्त्वाचं नाव निघालं की लोक संत्र्याकडे बोट दाखवतात, पण शंभर ग्रॅम पेरूत ते दोनशे मिलिग्रॅमच्या वर असतं, संत्र्याच्या कितीतरी पट. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये रोजची गरज सांगितली ती पुरुषाला ८० आणि बाईला ६५ मिलिग्रॅम. म्हणजे अर्ध्या पेरूत भागलं. संत्र्याच्या गावात हे बोललं की लोक रागावतात. फार पिकून पिवळाधमक झालेला नको, थोडा हिरवट असताना घ्यावा. बियांचा गोळा चमच्याने काढून तो वेगळा फिरवून गाळावा आणि गाळलेला गर परत मिसळावा. एवढी खटपट सासूबाईंसाठी, दात असणाऱ्यांनी बिया तशाच चावाव्यात. दही, चमचाभर जवस, चिमूटभर काळं मीठ, भाजलेलं जिरं. हवं तर एक हिरवी मिरची, हो, मिरची. स्मूदी गोडच असली पाहिजे असा नियम कुणी केला? जाता जाता एक उपयोग: पेरूतलं क जीवनसत्त्व धान्य-डाळीतलं लोह शरीरात शोषायला मदत करतं. त्या हिमोग्लोबिनवाल्या मुलींनी चहाऐवजी हा पेला सातू घालून घ्यावा. चहा नेमकं उलटं करतो.

पपई दुधात घालू नये, हे आजी सांगायची ते विरुद्ध आहार म्हणून. रसायनशास्त्र वेगळ्या वाटेने तिथेच पोचतं: पपईतलं पपेन हे विकर दुधातली प्रथिनं तोडतं आणि त्या तुकड्यांची चव कडू असते. दह्यातही तेच होतं. अननस आणि किवी याच जातकुळीतले. म्हणून पपईची स्मूदी दूधदह्याशिवाय करावी, आणि इथेच आमच्या संत्र्याला मागच्या दाराने प्रवेश आहे. संत्रं आडवं कापून लिंबासारखं हाताने पिळायचं, बी न चिरडता, साल न दाबता. अशा दोन संत्र्यांच्या रसाला दीडशे ग्रॅम पपई, चमचाभर भाजलेले तीळ, आल्याचा तुकडा. पपई फिरवून झाल्यावर रस शेवटी घालायचा, दोन-चार सेकंद फिरवायचं आणि लगेच प्यायचं. कवच आणि बी मिक्सरपर्यंत गेलीच नाहीत, तर कडूपणा येणार कुठून? आंबिया बहाराची संत्री नोव्हेंबर-डिसेंबरात आणि मृग बहाराची फेब्रुवारीपासून एप्रिलच्या आसपास. पपई बाजारात असतेच. हा पेला मला सगळ्यांत आवडतो. यात प्रथिनं कमी, म्हणून सोबत मूठभर फुटाणे खावेत.

केळं म्हणजे आपलं शिकरण. त्यातली साखर काढा, दूध कायम ठेवा (केळं आंबट नसल्याने ते फाटत नाही), भाजलेले शेंगदाणे दोन चमचे, सातू दोन चमचे. झाली पाळीला जाणाऱ्या पोराची न्याहारी. पिकलेली केळी उरली तर चकत्या करून डब्यात गोठवाव्यात. थंडपणाही येतो, दाटपणाही, आणि बर्फ लागत नाही. वीज जाण्याआधी फिरवून घ्यावं, एवढी खबरदारी इथल्या बायांना सांगायला नको.

सीताफळ चविष्ट, पण काम चिकाटीचं. त्याची एकही बी भांड्यात जाता कामा नये. बियांची पूड उवा मारायला वापरत, ते उगाच नव्हे. ती डोळ्यांत गेली तर भयंकर आग होते आणि पोटालाही ती विषारी. गर चाळणीवर हाताने चोळून काढावा, मिक्सर फक्त शेवटी. जांभळाचंही तसंच, बी काढून गर घ्यावा, दही आणि मीठ घालावं. जांभळात मी केळं घालत नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाचा २०२३ मधला एक प्रयोग वाचला होता: केळ्याच्या स्मूदीतून फ्लॅव्हनॉल नावाची उपयोगी द्रव्यं शरीरात ८४ टक्के कमी पोचली, बेरी फळांच्या स्मूदीत तशी घट झाली नाही. कापलेलं केळं काळं पाडणारं विकर त्यांचा फडशा पाडतं. प्रयोगातली माणसं मोजकीच होती, त्यावरून केळ्याला वाळीत टाकायचं कारण नाही. पण जांभूळ वर्षातून काही आठवडेच येतं, त्याला सुखाने एकट्याने राहू द्यावं.

पालकाची हिरवी स्मूदी हा प्रकार मला जमत नाही. आमचा तालुका भाजीपाल्याचा, पालक-कोबी सगळं ताजं मिळतं. पण पालक वरणात घातला तर चारजण आवडीने खातात आणि पेल्यात घातला तर एकजण नाक दाबून पितो. शिवाय कच्च्या पालकात ऑक्झॅलेट भरपूर, मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

बाहेरच्या ज्यूसबद्दल. बसस्टँडच्या आसपास उन्हाळ्यात गाड्या लागतात, बिचारे पोटासाठी उभे असतात, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण मिक्स ज्यूसच्या पेल्यात चार-पाच फळांची साखर आधीच असते, त्यावर पाकाची पळी पडते, आणि चोथा गाळून फेकला जातो. चोथा गेला म्हणजे आपण पैसे देऊन साखरपाणी घेतलं. बर्फ हा दुसरा मुद्दा. खायचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून त्याला निळसर रंग द्यायचा, असा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये आला. पेल्यात पडल्यावर तो रंग दिसतो का, हे तुम्हीच बघा. मी बर्फाशिवाय मागते. खोक्यातल्या रसाचंही तेच. त्यावर ‘शंभर टक्के फळांचा रस’ असं ठळक छापायचे. जून २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हा दावा काढायला लावला, कारण पुष्कळदा तो आटवलेल्या रसात परत पाणी घालून केलेला असतो.

घरच्या स्मूदीलाही माप आहेच. ब्रिटनमध्ये सरकारी सल्ला असा की रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलिलिटरच्या वर नको. तिकडची स्मूदी नुसत्या फळांची असते, म्हणून माप इतकं कडक. आपल्याकडे २०२४ च्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहार-सूचनांत फळं दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास सांगितली आहेत आणि भाज्या त्याच्या कितीतरी पट. माझ्या पेल्यातच दिवसाचं फळ संपतं, हे हिशेबात धरा. नंतर टीव्हीपुढे बसून आणखी चार संत्री सोलली तर तो तुमचा प्रश्न. (आमच्याकडे ‘अहों’चा तो रोजचा प्रश्न आहे.)

मधुमेह असेल तर अर्धा पेला, पेरू किंवा जांभळाचा, दही-जवस घालून. तेवढंही आधी एकदा साखर तपासून. केळ्या-सीताफळाचा नकोच. मूत्रपिंडाचा आजार असेल तर कुणाचंही ऐकून पेला तोंडाला लावू नका, माझंही नाही. केळं, संत्रं, नारळपाणी यांत पोटॅशियम भरपूर, आणि निकामी होत चाललेल्या मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही. डॉक्टरांनी फळांची यादी दिली असेल तर ती फ्रिजच्या दारावर लावा.

लहान मुलांना दात आले की फळ हातात द्यावं. सहा वर्षांच्या पोराला सकाळ-संध्याकाळ स्मूदी पाजणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत; ‘तो फळ खातच नाही’ ही त्यांची तक्रार. खाईल कसा? चावायची वेळच येऊ दिली नाही. त्याच पोराला बागेत सोडा, खिसे भरून येतं.

भांडं मात्र पिऊन झाल्या-झाल्या धुवायचं. पेरूचा गर आणि कुटलेलं जवस पात्याखाली वाळलं की ते खरवडायला टूथब्रश लागतो, आणि तो शोधायला घरात कुणी उठत नाही. भांड्यात अर्धा पेला कोमट पाणी घालून पुन्हा एकदा फिरवा, ओता, झाकणाची रबरी कडी काढून वेगळी धुवा. तिच्या खाचेत दही साचतं आणि दोन दिवसांनी सगळ्या चटण्यांना त्याचा वास येतो. कडी उन्हात वाळवू नका. नागपूरच्या उन्हात ती ताणते, मग झाकण बसत नाही आणि पुढची स्मूदी भिंतीवर जाते.